१५५० अंशांची मॉली डायसिलिसाइड भट्टी: सुरुवातीला उडणारे फ्यूज, पिवळी पूड आणि थंड होताना तुटणारी एलिमेंट्स

उष्मा३०:

नमस्कार मंडळी. मॉलिब्डेनम डायसिलिसाइडची (मॉलिब्डेनम आणि सिलिकॉनचं संयुग) एलिमेंट्स, म्हणजे विजेने तापणाऱ्या कांड्या, असलेल्या एका पेटीभट्टीबद्दल मदत हवी आहे. माहिती आधीच सविस्तर देतो, म्हणजे उलट प्रश्न कमी येतील.

आतली जागा २५० मि.मी. रुंद, ४०० खोल, ३०० उंच. अस्तर अ‍ॅल्युमिना फायबर बोर्डचं. साध्या हवेत १५५० °से. वर चालवायची आहे. माल अ‍ॅल्युमिना आणि झिर्कोनियाचे छोटे भाग. एलिमेंट्स यू आकाराची, एकूण आठ, दोन्ही बाजूंच्या भिंतींजवळ चार-चार, छतातून उभी टांगलेली. गरम भाग ६ मि.मी. जाड आणि २५० लांब, टर्मिनलचे पाय १२ मि.मी. जाड आणि २५० लांब, दोन पायांतलं अंतर ५०. आठही एकाच सीरिजमध्ये. ट्रान्सफॉर्मरचा सेकंडरी ८० व्होल्टचा, प्रायमरीला थायरिस्टर (वीज कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), तो पूर्ण सायकल चालू-बंद करणाऱ्या पद्धतीचा, म्हणजे बर्स्ट फायरिंग. थर्मोकपल (प्लॅटिनमच्या तारांचा तापमापक) बी टाइप.

अडचणी अशा. भट्टी गार असताना प्रोग्रॅम सुरू केला की थायरिस्टरचा सेमीकंडक्टर फ्यूज उडतो. आउटपुट अगदी १० टक्क्यांवर बांधून ठेवलं तरी उडतो. दुसरं, छताच्या भोकांभोवती फिकट पिवळी पूड जमते आणि मालावर पण पडते. तिच्यासोबत काचेसारखे पातळ पापुद्रे पण सापडतात. तिसरं, गरम असताना एलिमेंट कधीच तुटत नाही, पण भट्टी थंड झाल्यावर उघडली की एखादं तुटलेलं मिळतं. तुटण्याची जागा दोनपैकी एक: जाड पाय बारीक होतो त्या शंकूजवळ, किंवा खाली जिथे पाय फायबरच्या भिंतीला टेकलेला असतो तिथे.

प्रोग्रॅम: खोलीच्या तापमानापासून ३ अंश प्रति मिनिट, ५०० वर दोन तास थांबा (मालातला बाइंडर जाळायला), मग ५ अंश प्रति मिनिटाने १५५०, तिथे दोन तास.

याशिवाय दोन प्रश्न. हीच भट्टी अधूनमधून नायट्रोजनवर चालवता येईल का? आणि माल टांगायला याच सिलिसाइडचा हुक किंवा आडवी दांडी वापरली तर चालेल का, कारण १७०० पर्यंत टिकतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

---

लघुपरिपथ:

फ्यूजचं कारण तुमच्याच वर्णनात आहे: बर्स्ट फायरिंग. आकडे मांडून बघा.

या पदार्थाची रोधकता खोलीच्या तापमानाला साधारण ०.३ मायक्रो-ओहम-मीटर असते आणि १७०० अंशांना ३.६ च्या आसपास. म्हणजे बारा पट वाढते. तुमच्या एका एलिमेंटचा गरम भाग वळणासकट सुमारे ५२८ मि.मी. भरतो, जाडी ६, त्यामुळे गरम असताना त्याचा रेझिस्टन्स ०.०६७ ओहम आणि गार असताना ०.००५६. टर्मिनलचे पाय धरून आठ एलिमेंट्सची सीरिज गरम असताना ०.५९ ओहम येते, गार असताना ०.०५५. गरम असताना ७२ व्होल्ट दिले की १२२ अँपिअर, सगळं आलबेल. तेच ७२ व्होल्ट गार सीरिजला दिले तर १३०० अँपिअर!

बर्स्ट फायरिंगमध्ये १० टक्के आउटपुट म्हणजे दहा सायकलींपैकी एक सायकल पूर्ण व्होल्टेजने जाते. सरासरी पॉवर कमी दिसते, पण त्या एका सायकलीत करंट पूर्ण १३०० अँपिअरचाच असतो आणि सेमीकंडक्टर फ्यूजला सरासरीशी काही देणंघेणं नसतं. त्यात ट्रान्सफॉर्मरचा गाभा चुकीच्या क्षणी चालू झाल्यावर संतृप्त होतो, तो झटका वेगळाच. त्यामुळे आउटपुट कितीही खाली बांधलं तरी फ्यूज वाचणार नाही.

हवं ते असं: प्रायमरीला फेज अँगल पद्धतीचा थायरिस्टर (प्रत्येक सायकलीचा फक्त काही भाग जाऊ देणारा), सॉफ्ट स्टार्ट म्हणजे हळूहळू चढणारी सुरुवात असलेला, आणि त्याला खरा करंट लिमिट. करंट लिमिट म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरने मोजून मागे दिलेला आरएमएस (प्रभावी) करंट, नुसती आउटपुटची टक्केवारी नव्हे. मर्यादा सेकंडरीच्या हिशोबाने १३० अँपिअर ठेवा. गार असताना १३० अँपिअरला फक्त ७ व्होल्ट पुरतात आणि पॉवर जेमतेम ९०० वॅट बसते. एलिमेंट तापलं की रेझिस्टन्स वाढतो आणि त्याच करंटवर पॉवर आपोआप चढते; एलिमेंट १००० अंशांना पोचेपर्यंत जवळपास ५ किलोवॅट. म्हणून सुरुवातीची संथ गती बघून मर्यादा वाढवू नका. वरच्या टोकाला मात्र हेच उलटं होतं, १३० अँपिअरवर १० किलोवॅट जातील, म्हणून करंटसोबत पॉवरची मर्यादाही साडेआठ-नऊ किलोवॅटवर बांधा.

८० व्होल्टमधून ७ व्होल्ट काढायचे म्हणजे फायरिंग अँगल अगदी शेवटाला जातो आणि नियंत्रण ओबडधोबड होतं. ट्रान्सफॉर्मरला २५–३० व्होल्टचा टॅप (कमी व्होल्टेजचा वेगळा जोड) असेल तर पहिले तीन-चारशे अंश त्यावर काढा. टॅप बदलताना थायरिस्टर बंद असला पाहिजे, चालू लोडवर टॅप फिरवू नका. आणि लक्षात घ्या, २५ व्होल्टवरसुद्धा गार सीरिज साडेचारशे अँपिअर खेचू शकते, त्यामुळे टॅप आहे म्हणून करंट लिमिटला सुट्टी नाही.

मोजायला ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटरच घ्या. कापलेल्या वेव्हवर साधा मीटर बराच कमी आकडा दाखवतो.

बी टाइपबद्दल एक सांगायलाच हवं. १०० अंशांना हा थर्मोकपल फक्त ०.०३३ मिलिव्होल्ट देतो, ३०० ला ०.४३. खोलीच्या तापमानाजवळ तर सिग्नल शून्याच्या खालीवर होतो. कंट्रोलरला वाटतं की भट्टी तापतच नाही, त्याचा इंटिग्रल भाग (राहिलेला फरक साठवत जाणारा) फुगत जातो आणि तो पूर्ण आउटपुट मागतो. पहिले ३५०–४०० अंश ठरावीक आउटपुटवर चालवा आणि त्यानंतर पीआयडी (तापमान बघून आउटपुट आपोआप ठरवणारं नियंत्रण) सुरू करा. कंट्रोलरमध्ये ही सोय बहुतेक वेळा असतेच.

---

काचथर:

विजेचं वर आलं आहे, मी पुडीबद्दल आणि तुटण्याबद्दल लिहितो. दोन्हीचं मूळ एकच: हे एलिमेंट टिकतं ते त्याच्या अंगावरच्या सिलिकाच्या काचेमुळे. ती कुठे बनते, कुठे बनत नाही आणि कशाला चिकटते हे कळलं की या भट्टीतलं बरंचसं कळतं.

वरच्या तापमानाला हवेतला ऑक्सिजन सिलिकॉनला पकडतो, पृष्ठभागावर सिलिकाची काच तयार होते आणि खाली मॉलिब्डेनम जास्त असलेलं दुसरं सिलिसाइड उरतं. जे थोडं मॉलिब्डेनम ऑक्साइड होतं ते वाफ होऊन निघून जातं. काच अखंड झाली की ऑक्सिजनची वाट बंद. ४०० ते ६०० अंशांदरम्यान मात्र ही काच नीट बनत नाही. सिलिकॉन आणि मॉलिब्डेनम दोन्ही एकदमच जळतात आणि मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइड त्या तापमानाला उडून जात नाही, जागच्या जागी फुगून बसतं. पदार्थ सच्छिद्र किंवा भेगाळलेला असेल तर अख्खा तुकडा पूड होऊन जातो. फिट्झर या संशोधकाने १९५५ मध्ये याला ‘पेस्ट’ (इंग्रजी pest, म्हणजे कीड) म्हटलं आणि तेच नाव आजही चालतं. बाजारातली एलिमेंट्स घट्ट असतात, त्यामुळे ती मोडत नाहीत. फक्त अंगावर पिवळसर पूड येते आणि ती मालावर पडते.

आता तुमचा प्रोग्रॅम बघा: ५०० वर दोन तास थांबा. नेमक्या वाईट जागी! शिवाय बाइंडर जळताना कार्बन आणि कमी ऑक्सिजनचे वायू सुटतात, तेही काचेला मानवत नाहीत. बाइंडर वेगळ्या, साध्या तारेच्या भट्टीत जाळा आणि माल या भट्टीत जळून कोरडा झालेलाच आणा. ४०० ते ६५० चा पट्टा माल सोसेल तितक्या वेगाने ओलांडा, १० अंश प्रति मिनिट तरी.

थांबा काढला तरी थोडी पूड येतच राहील, कारण टर्मिनलचा पाय छतातून बाहेर जाताना कुठेतरी त्याच ४००–६०० च्या पट्ट्यात असतोच, भट्टी १५५० वर असतानासुद्धा. तुमची पूड भोकांभोवती दिसते ती यामुळेच. भोकातून गरम हवा वर वाहत असेल तर हा पट्टा लांबतो आणि पुडीला वाहायला वाराही मिळतो. भोकाच्या वरच्या तोंडाशी फायबरचा मऊ बोळा हलक्या हाताने भरा. दाबून ठासायचा नाही, पाय हलता राहिला पाहिजे. झिर्कोनियावर पिवळे-हिरवट डाग येत असतील तर ते याच ऑक्साइडचे. माल अ‍ॅल्युमिनाच्या झाकणवाल्या डब्यात ठेवला की प्रश्न बराच मिटतो.

काचेचे पापुद्रे हा वेगळा प्रकार. सिलिकाची काच तापमानाने जवळजवळ प्रसरण पावत नाही, अंशाला ०.५ भाग दशलक्ष. आतलं सिलिसाइड ८ च्या आसपास. थंड होताना आतला गाभा आकसतो, वरची काच दाबली जाते आणि थर जाड झाला असेल तर टकाटक सुटून पडतो. जुन्या एलिमेंटचं हे साधं वय आहे. उघडी पडलेली जागा पुढच्या फेरीत पुन्हा काच धरते, पण प्रत्येक वेळी थोडं सिलिकॉन खर्ची पडतं आणि जाडी घटते. तुमची एलिमेंट्स नवी असूनही पापुद्रे पडत असतील तर काच कशाने तरी बिघडते आहे. सोडा-पोटॅश असलेली धूळ, लोखंडाचे कण, शिशाची ग्लेझ, फ्लोराइड आणि झिर्कोनिया रंगवायची द्रावणं हे नेहमीचे गुन्हेगार.

पूड कसली आहे याची शंका असेल तर चिमूटभर सौम्य अमोनियाच्या पाण्यात टाका. मॉलिब्डेनम ऑक्साइड विरघळतं, काचेचा चुरा तसाच तळाशी राहतो. दाराच्या फटीत कधीकधी सुईसारखे चमकदार फिकट स्फटिक दिसतात, तेही मॉलिब्डेनम ऑक्साइडच; वाफ होऊन गार जागी जमलेलं. साफ करताना फुंकर किंवा हवेचा पाइप वापरू नका, मास्क लावा आणि व्हॅक्यूमने ओढा. त्यात फायबरची धूळही असते.

आता तुटणं. हा पदार्थ साधारण १००० अंशांच्या वर वाकतो आणि खाली काचेसारखा ठिसूळ असतो. म्हणून गरम असताना तुटत नाही, थंड होताना तुटतो. तुमच्या दोन्ही जागांचं कारण एकच: एलिमेंट कुठेतरी धरलं गेलंय. वरच्या तापमानाला अंगावरची काच चिकट असते, ती फायबरच्या भिंतीला डकवून घेते. १५५० पासून खाली येताना २५० मि.मी. चा पाय सुमारे ३ मि.मी. आकसतो. वर टर्मिनल पकडीत, खाली पाय भिंतीला चिकटलेला, मग मधे कुठेतरी तो तुटणारच.

शंकूजवळचं तुटणं बहुधा उंचीच्या चुकीमुळे आहे. तुमची आतली उंची ३००. यात २५ शंकूला, २५० गरम भागाला आणि २५ खाली मोकळे, असं बसलं पाहिजे. शंकू पूर्णपणे छताच्या खाली उघडा दिसायला हवा. तो भोकात गेला असेल तर ६ मि.मी. चा बारीक भाग चारी बाजूंनी अस्तरात कोंडला जातो, त्याला उष्णता बाहेर फेकता येत नाही, तिथेच तो जास्त तापतो, भोकाच्या कडेला चिकटतो आणि मग आकसताना तुटतो. खालच्या २५ मध्ये हात आखडू नका, कारण वर्षभरात एलिमेंट स्वतःच्या वजनाने थोडं लांब होतं आणि वळण तळाला टेकलं की तिथेही चिकटतं. भिंतीपासूनही २०–२५ मि.मी. सोडा. आठही एलिमेंट्स घंटेच्या लोलकासारखी मोकळी लोंबली पाहिजेत. गार असताना टर्मिनलला बोट लावून किंचित हलवून बघा, एखादं हलत नसेल तर ते अडकलेलं आहे.

भोकं छताला काटकोनात नसतील तर एलिमेंट तिरकं लोंबतं आणि भिंतीकडे सरकतं. धारकाच्या विटेखाली फायबर कागदाची पट्टी देऊन उभं करा. अ‍ॅल्युमिनियमच्या विणलेल्या पट्ट्या ताणून लावू नका, त्यांना स्पष्ट दिसेल इतकी झोळ हवी.

भट्टी हळू थंड करण्याचा मात्र अट्टहास नको. मोकळं लोंबणारं ६ मि.मी. चं एलिमेंट तापमानाचे झटके चांगले सोसतं. आधी फायबर बोर्ड तडकतो.

---

उष्मा३०:

दोघांचेही मनापासून आभार. बघितलं, चार एलिमेंट्सचे शंकू खरंच भोकात गेलेले आहेत. दोन भिंतीला टेकलेली.

तीन गोष्टी अजून. एक, तुटलेलं एकच बदलायचं की सगळा संच? सिलिकॉन कार्बाइडच्या भट्टीत संच जुळवून बदलतात. दोन, कमी व्होल्टेजच्या टॅपवर १०० अँपिअर देऊन गार अवस्थेत प्रत्येक एलिमेंटवरचं व्होल्टेज मोजलं, बहुतेक सगळीकडे ०.७ व्होल्ट आलं, पण एका जोडावर वेगळेच ०.४ व्होल्ट पडतात. तीन, पूर्ण पॉवरला एलिमेंट किती तापतं हे कसं कळेल? आणि नायट्रोजनचं राहिलं.

---

लघुपरिपथ:

एकच बदला. सिलिकॉन कार्बाइडचा रेझिस्टन्स वयाने वाढत जातो म्हणून तिथे संच जुळवावा लागतो. मॉली डायसिलिसाइडचा रेझिस्टन्स वयाने जवळजवळ बदलत नाही, नवं-जुनं एकाच सीरिजमध्ये बिनधास्त चालतं. फक्त ज्या जुन्याची जाडी एखाद्या जागी स्पष्ट घटली आहे ते काढून टाका. सीरिजमध्ये करंट सगळीकडे सारखा, त्यामुळे बारीक जागी रेझिस्टन्स जास्त, तिथे उष्णता जास्त, उष्णतेने रेझिस्टन्स अजून जास्त. ती जागा स्वतःच स्वतःला जाळत जाते.

०.७ व्होल्ट अगदी बरोबर. एका एलिमेंटचे गार ०.००५६ आणि दोन पायांचे ०.००१३ ओहम, १०० अँपिअरवर हेच येतं. अशा मोजणीला साधं मल्टिमीटरचं ओहमचं खातं उपयोगाचं नाही, तुमची पद्धत योग्य. ०.४ व्होल्टचा जोड मात्र लगेच सोडा. तो १०० अँपिअरवर ४० वॅट खातो आणि पूर्ण करंटवर ६० च्या आसपास जाईल. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्या खूप आधी स्प्रिंग क्लिपचा ताण जातो आणि संपर्क अजून बिघडतो. क्लिपजवळचं तापमान ३०० च्या खाली ठेवा. टर्मिनलच्या टोकाला अ‍ॅल्युमिनियमचा फवारलेला थर असतो, त्याला पॉलिश पेपर लावू नका. सुक्या कापडाने पुसा, पट्टी नवी घ्या, क्लिप नवी घ्या, आणि पहिल्या गरम फेरीनंतर भट्टी गार झाली की क्लिप पुन्हा तपासा. छतावर झाकण असेल तर हवा खेळायला वर-खाली मोकळ्या फटी हव्यात.

एलिमेंटचं तापमान हिशोबाने काढता येतं. तुमच्या एका एलिमेंटचा गरम पृष्ठभाग जवळपास १०० चौ. सें.मी. आहे. त्यातून १ किलोवॅट म्हणजे १० वॅट प्रति चौ. सें.मी. किरणोत्सर्जनाचा चौथ्या घाताचा नियम आणि उत्सर्जकता ०.७ धरली तर भट्टी १५५० वर असताना एलिमेंट सुमारे १६४५ ला असतं. नुसतं तापमान टिकवायला अर्धी पॉवर पुरत असेल तर १६०० ला. प्रत्यक्षात भिंत आणि शेजारचा पाय आड येतात, त्यामुळे दहा-वीस अंश वर धरा. १७०० च्या दर्जाच्या एलिमेंटला हे आरामात झेपतं. पण घाईने चढवायला म्हणून १६ वॅट प्रति चौ. सें.मी. दिले तर हिशोबानेच १७०० गाठलं जातं आणि शिल्लक काही राहत नाही. भट्टीचं तापमान आणि एलिमेंटचं तापमान यांतला हा फरक विसरून ‘१७०० चं एलिमेंट आहे, भट्टी १७०० ला नेऊ’ असं कोणी करू नये.

---

काचथर:

नायट्रोजनबद्दल. चालतं, पण हवेपेक्षा कमी तापमानाला. साधारण १७०० च्या दर्जाच्या एलिमेंटला कोरड्या नायट्रोजनमध्ये आणि आर्गॉनमध्ये एलिमेंटचं तापमान १६०० पर्यंत धरतात. एंडोगॅसमध्ये (इंधन वायू अर्धवट जाळून केलेलं हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचं मिश्रण) १४०० च्या आसपास. हायड्रोजनमध्ये ओलाव्यावर सगळं अवलंबून: दवबिंदू (ओलाव्याचं माप) २० अंश असेल तर १४५०, अगदी कोरडा असेल तर फक्त ११५०. कारण काच टिकायला थोडा तरी ऑक्सिजन किंवा पाण्याची वाफ लागते. ते नसलं की सिलिका मोडून सिलिकॉन मोनॉक्साइडची वाफ होते, काच पातळ होत होत संपते आणि उघडं सिलिसाइड उरतं. नायट्रोजनमध्ये उघड्या जागी सिलिकॉन नायट्राइडही तयार व्हायला लागतं. व्हॅक्यूमला हे एलिमेंट वापरूच नका.

तुमच्या भट्टीत एलिमेंट पूर्ण पॉवरला १६४५–१६६५ वर जातं, म्हणजे नायट्रोजनवर १५५० करायचं तर पॉवर निम्म्यावर बांधावी लागेल. भट्टी १५०० वरच ठेवली तर उत्तम. नायट्रोजनची फेरी करण्याआधी आणि काही फेऱ्यांनंतर भट्टी रिकामी ठेवून हवेत १४५० च्या वर तीन-चार तास चालवा, काच पुन्हा धरते. एलिमेंट राखाडी आणि निस्तेज दिसायला लागलं की काच गेली असं समजा. निरोगी एलिमेंट चकचकीत असतं. नवीन एलिमेंट बसवल्यावरही पहिली फेरी अशीच रिकामी, हवेत.

पेटीभट्टी हवाबंद नसते हे पण ध्यानात घ्या. छताची भोकं नीट बंद होत नाहीत. नायट्रोजन सतत वाहता ठेवूनही आत थोडा ऑक्सिजन राहील. एलिमेंटसाठी ते चांगलंच, मालाला चालेल का ते तुम्ही बघा. खोलीत वायुवीजन हवंच, नायट्रोजनने माणूस गुदमरतो आणि वास काही येत नाही.

आणि थर्मोकपल. कमी ऑक्सिजनमध्ये सिलिकॉनची वाफ प्लॅटिनमला लागली तर ८३० अंशांच्या आसपास वितळणारं मिश्रण तयार होतं आणि तार तुटते. पुनःस्फटिकित अ‍ॅल्युमिनाची बंद तोंडाची नळी तडा न गेलेली असली पाहिजे, म्युलाइटची इथे नको.

---

संयुग:

हुकच्या प्रश्नाला उत्तर: नको. ‘१७०० पर्यंत टिकतं’ हे जळण्याबद्दल आहे, वजन पेलण्याबद्दल नाही.

मॉलिब्डेनम डायसिलिसाइड २०३० अंशांना वितळतं, घनता ६.३, दोन्ही आकडे देखणे. पण खोलीच्या तापमानाला त्याची चिवटता (भेग पसरू न देण्याची ताकद) ३ मेगापास्कल-रूट-मीटरच्या घरात, म्हणजे साध्या सिरॅमिकइतकीच. आणि १२०० च्या वर तो भाराखाली सरकायला लागतो, म्हणजे क्रीप. खाली ठिसूळ, वर मऊ. त्यात एलिमेंटचा पदार्थ शुद्ध सिलिसाइड नसतोच. आकारमानाने पाचवा भाग सिलिकेट काच असते, ती कणांच्या सांध्यात असते आणि गरम झाली की सांधे घसरायला मदत करते. एलिमेंट म्हणून स्वतःचं वजन पेलायला ते पुरतं, बाहेरचा भार नाही. वर काच चिकट, म्हणजे माल हुकला डकवला जाईल हे वेगळंच.

संरचनात्मक कामासाठी सिलिसाइडवर बरंच काम झालं आहे आणि ते कुठे अडलं हे बघण्यासारखं आहे. नासामध्ये मॉली डायसिलिसाइडमध्ये ३० ते ५० टक्के सिलिकॉन नायट्राइड मिसळून बघितलं. त्याने प्रसरण खाली आलं, इतकं की आत सिलिकॉन कार्बाइडचे धागे घालूनही भेगा पडल्या नाहीत, आणि ५०० अंशांची पूडही थांबली, कारण पृष्ठभागावर सिलिकॉन ऑक्सिनायट्राइडचा थर बनतो. सिलिकॉन कार्बाइडचे कण घातले तर क्रीप कमी होतो. मॉलिब्डेनमच्या जागी थोडं टंगस्टन घातलं तर वरची मर्यादा चढते; टंगस्टन डायसिलिसाइड २१६० ला वितळतं, आणि सर्वांत वरच्या दर्जाच्या एलिमेंट्समध्ये हेच करतात.

चिवटता हवी तर मात्र धातूचा अंश ठेवावाच लागतो. मॉलिब्डेनम-सिलिकॉन-बोरॉन मिश्रधातूंची दिशा तीच. बर्झिक या संशोधकाचे त्यांवरचे अमेरिकी पेटंट १९९७ चे. यात तीन घटक एकत्र असतात: मॉलिब्डेनमचं घन द्रावण (थोडं सिलिकॉन विरघळलेला धातू), जे भेगेला अडवतं, आणि मॉलिब्डेनमची दोन संयुगं, एक सिलिकॉनचं, दुसरं सिलिकॉन-बोरॉनचं. बोरॉनमुळे वरची काच बोरोसिलिकेट होते, पातळ होऊन वाहते आणि उघडी जागा झाकते. अडचण ६५० ते ७५० च्या पट्ट्यात. तिथे मॉलिब्डेनम ऑक्साइडची वाफ व्हायला लागते पण काच अजून वाहण्याइतकी मऊ झालेली नसते, म्हणून धातू झिजत राहतो. घन द्रावण जास्त ठेवलं तर चिवट पण जळतं, कमी ठेवलं तर जळत नाही पण ठिसूळ. सगळी ओढाताण या एका प्रमाणाची आहे.

नायोबियम सिलिसाइडचं थोडं वेगळं. नायोबियमचं घन द्रावण आणि नायोबियम सिलिसाइड एकाच ओतकामात सोबत वाढतात, घनता ७ च्या आसपास, निकेलच्या सुपरअलॉयपेक्षा हलकं, आणि टर्बाइनच्या पात्यांसाठी आकर्षण तेच. पण स्वतःची राखण करणारी काच ते नीट बनवत नाही, ७००–८०० ला यालाही पुडीचा आजार आहे, आणि लेपाशिवाय पर्याय राहत नाही.

लेप म्हणून सिलिसाइड मात्र खरोखर कामाला लागलेलं आहे. नायोबियमच्या सी-१०३ मिश्रधातूवर (त्यात १० टक्के हाफनियम, १ टक्का टायटेनियम) सिलिकॉन, २० टक्के क्रोमियम, २० टक्के लोखंड यांचा चिखल फासून व्हॅक्यूममध्ये भाजतात. सिलिकॉन नायोबियममध्ये शिरतं आणि सिलिसाइडचा थर तयार होतो. रॉकेटच्या छोट्या इंजिनांचे नॉझल असे बनतात. थंड होताना या थराला बारीक भेगा पडतात, प्रसरण जुळत नाही म्हणून. गरम झाल्यावर काच त्या भरून काढते. कोपरे धारदार असतील तर तिथून लेप उलतो, म्हणून लेपाआधी प्रत्येक कडा गोल करतात.

तुमच्या कामाला यातलं काही लागणार नाही. माल टांगू नका, खालून टेका द्या. ९९.७ टक्के शुद्ध अ‍ॅल्युमिनाची दांडी किंवा पाटी घ्या. तीही १५५० ला हळूहळू वाकते, म्हणून दोन टेकूंमधलं अंतर लहान ठेवा आणि दर काही फेऱ्यांनी पाटी उलटी करा. टांगणं टाळताच येत नसेल तर अ‍ॅल्युमिनाची आडवी दांडी भिंतीच्या खाचेत मोकळी ठेवा आणि तिचं टोक एलिमेंटपासून किमान २५ मि.मी. दूर राहील असं बघा.

---

काचथर:

संयुग यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून: एलिमेंटला स्पर्श करणारी कुठलीच वस्तू नको, अ‍ॅल्युमिनाची नळीसुद्धा. थर्मोकपलची नळी दोन एलिमेंट्सच्या मधून घालतात तेव्हा ती बरेचदा टेकते. ती मागच्या भिंतीतून आत घ्या आणि टोक मालाच्या पातळीला, भिंतीपासून २५–३० मि.मी. आत ठेवा. छतातून घेतली असेल तर एलिमेंट बदलताना तिला धक्का लागतो.

एलिमेंट बसवताना धारकाची वीट आणि एलिमेंट जमिनीवरच जोडून घ्या, क्लिप बांधा आणि मग दोघांनी मिळून सरळ खाली सोडा. वळण भोकाच्या कडेला घासलं तर काचेला ओरखडा पडतो. दोन पायांना धरून कधी उचलू नका. ते एकमेकांकडे ओढले गेले की वळणाच्या आतल्या बाजूला भेग पडते, डोळ्याला दिसत नाही, आणि पहिल्याच फेरीत तिथून तुटतं.

---

उष्मा३०:

ठीक. फेज अँगल युनिट मागवतो आहे, करंट आणि पॉवर दोन्ही मर्यादांसह. तोपर्यंत छत काढून शंकू खाली घेतो आणि दोन एलिमेंट्स भिंतीपासून सोडवतो. भिंतीवर जिथे काच डकली आहे तिथला फायबर बोर्ड खरवडून काढायचा की तसाच ठेवायचा?

---

काचथर:

तेवढा चकचकीत, कडक झालेला भाग धारदार सुरीने कापून काढा, आजूबाजूचा बोर्ड सोडा. खड्डा भरू नका. तिथे अंतरच हवं आहे. कापताना खाली कागद अंथरा, म्हणजे चुरा भट्टीच्या तळाच्या फटीत जाणार नाही, आणि काम झाल्यावर हवेतली रिकामी फेरी १४५० च्या वर करूनच माल भरा.